आधी ब्रेक, मग करंट

४ ऑगस्ट २०१९ ला गंगेचं पाणी सायखेड्यात शिरलं. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. वरच्या अंगाला दारणासांगवीपाशी दारणा येऊन मिळते आणि खाली नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. त्यामुळे धरणांतून मोठा विसर्ग सुटला की पाणी सायखेडा-चांदोरीत येतं आणि तुंबूनही राहतं. माणसं, जनावरं हलवली, चाळीतला हाताशी लागेल तेवढा कांदा हलवला. आमच्या दादांची गाडी मात्र शेडमध्येच राहिली.

गाडी १९७३ सालची प्रीमियर प्रेसिडेंट. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट ११०० याच नावानं १९७२ पासून विकली जायची. १९७४ मध्ये तिची पद्मिनी झाली. गावाच्या लेखी ती कायम फियाटच. आमच्या भागातल्या कितीतरी वराती तिनं पाहिल्या. पूर ओसरल्यावर आम्ही ती धुतली, पुसली आणि झाकून ठेवली. तिच्या पोटात काय साचलंय ते पुढं चाकं खोलल्यावर दिसलं.

तिच्या दुरुस्तीला नाशिकहून जे मिस्त्रीकाका आले, त्यांची उमेद मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींखाली गेलेली. आम्हाला इंजिनाचा आवाज ऐकायची घाई. काका म्हणाले, "भाऊ, चालू करणं काही अवघड नाही. पण चालू झाली की पोरं लगेच बाहेर काढतील. आधी ती थांबायची सोय करू." जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो. या गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सगळ्यांना तेल पुरवणारा मास्टर सिलिंडर एकच. एक पाइप फुटला की पेडल थेट तळाला जातं.

मागचं डावं चाक जाम होतं. ड्रमवर लाकडी हातोडीनं चारी बाजूंनी ठोकत, ॲडजस्टिंग नट सैल करत तो हळूहळू ओढून काढला. आत पुराचा गाळ वाळून लायनर आणि ड्रमच्या मध्ये विटेसारखा घट्ट बसलेला. व्हील सिलिंडरमधले पिस्टन गंजानं धरलेले. ब्रेक ऑईल हवेतलंही पाणी शोषतं. इथं तर वर्षानुवर्षांचं तेल आणि त्यात पूर. नवं डॉट ३ तेल २०५ अंशांच्या आत उकळायला नको, पण पाणी मुरलं की ही मर्यादा १४० पर्यंत खाली येते. ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो, चाकाला जोर पोचत नाही. म्हणून सगळे सिलिंडर, रबरी होज, किट नवं घेतलं. ड्रम लेथवर घासून आणले, लायनर नवे मारले. रबरी वॉशर पेट्रोलनं धुवायला काकांनी सक्त मनाई केली होती. पेट्रोल-रॉकेलनं ते फुगतात. ब्रेक ऑईलनंच पुसायचे.

हवा काढायचं काम मला फार आवडलं. मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. निपलला पारदर्शक नळी, नळीचं तोंड बाटलीतल्या तेलात बुडवलेलं. पुतण्या पेडलवर, काका चाकाखाली. "मार... मार... धर!" निपल सैल, तेलात बुडबुडे, निपल घट्ट, मगच "सोड". हा क्रम चुकला तर हवा परत आत ओढली जाते. अखेर नळीतून नुसतं तेल आलं आणि पुतण्या वरून ओरडला, "काका, पेडल कडक झालं!"

मग करंट. डिस्ट्रिब्युटरचं कॅप काढलं तर आत केसाएवढी चीर आणि तिच्या कडेनं काळी रेघ. करंट प्लगकडे जायच्या ऐवजी तिथूनच पळत होता. प्लॅटिन, म्हणजे कॉन्टॅक्ट पॉइंट, जळून खडबडीत झालेले. प्लॅटिन उघडतात त्या क्षणी कॉइलमधला १२ व्होल्टचा प्रवाह तुटतो आणि दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट उसळतात; तीच प्लगची ठिणगी. कंडेन्सर गेलेला असेल तर ठिणगी प्लॅटिनवरच पडते, ते जळतात आणि प्लग दुबळा पडतो. म्हणून दोन्ही एकदमच बदलले. प्लेटखालची आगाऊ टायमिंग देणारी वजनं गाळानं चिकटलेली होती. ती सुटी करून, पुसून, थेंबभर तेल दिलं. वरवर पाहणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही. गाडी चालू होते, पण वेग घेताना मरगळते.

कॅप आणि प्लॅटिन मुंबईहून आले, कुर्ल्याच्या जुन्या स्पेअर पार्टच्या बाजारातून. गाडी जिथं जन्मली तिथूनच. तो कारखाना आता नाही. शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. काका ते सांगताना प्लॅटिनमध्ये फिलर गेज घालत होते. पात्याला हलकीशी ओढ लागली तेव्हाच त्यांनी स्क्रू आवळला. टायमिंगला टेस्ट लॅम्प लावला, प्लगच्या वायरी १-३-४-२ क्रमानं बसवल्या. वायर बॉडीजवळ धरून पाहिली तेव्हा ठिणगी निळी आणि टणटणीत होती.

गाडी चालू झाल्यावर पहिली चाचणी सकाळी रिकाम्या रस्त्यावर, चांदोरीच्या पुलाकडे. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची. उजव्या पुढच्या चाकाचे शू जरा बाहेर घेतल्यावर सरळ थांबू लागली. पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी २०२१ च्या केंद्रीय नियमात 'व्हीए' मालिकेचा वेगळा नंबर आहे. त्याची कागदपत्रं जमवतोय. हँडब्रेकची केबल अजून मिळालेली नाही, तोवर उतारावर गाडी लावली की पहिला गिअर टाकायचा आणि चाकाला दगड लावायचा, असं काकांनी पुतण्याला दोनदा बजावलंय.