हिरवं दिसते, पण ढोरं खात नाईत



परिसर अभ्यास शिकवताना आपण मुलांना गावचं गायरान दाखवतो का? मीही दाखवत नव्हते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात त्याला ई-क्लास म्हणतात. एकदा पावसाळ्यात चौथीची मुलं तिथे नेली आणि म्हणाले, "बघा, गुरांना किती चारा आहे!" जवळ उभे असलेले गायकीबाबा हसले. "मॅडम, हिरवं दिसते खरं, पण हा तरोटा हाये. ढोरं याले तोंड नाई लावत."

मी गप्पच झाले. त्याच उन्हाळ्यात वर्गातल्या एका मुलाच्या घरची गाय चाऱ्यावाचून विकली गेली. ज्वारीचा पेरा कमी झाला, तसा कडबाही महागला. मुलगा दोन दिवस बोललाच नाही.

मग आम्ही गायरानाची वही सुरू केली. पद्धत सोपी आहे. काड्या बांधून एक मीटर लांब-रुंद चौकट करायची. ती दहा ठिकाणी ठेवायची आणि लिहायचं: मारवेल किती, कुसळी किती, तरोटा-गाजरगवत किती, उघडी माती किती. पोळ्यानंतर एकदा, उन्हाळ्यात एकदा. दरवर्षी त्याच जागा आणि त्याच झाडाजवळून फोटो.

याचा फायदा काय? कुरण एका दिवसात मरत नाही. गुरं आधी गोड मारवेल खातात. बी धरायच्या आतच ते संपलं, की कुसळी वाढते. तिची कुसळं गुरांच्या तोंडाला टोचतात. पुढे तरोटा, शेवटी उघडी माती, आणि तीही पावसात वाहून जाते. हा बदल रोज पाहणाऱ्या डोळ्यांना कळत नाही, वहीत मात्र दिसतो. वेळीच दिसला, तर गायरानाचा एक भाग पावसाळाभर चराईसाठी बंद ठेवता येतो. गवत बी टाकतं, मग कापून नेता येतं. मुलांचं मोजमाप, अपूर्णांक आणि आलेख होतात ते वेगळंच!

आमची वही ग्रामसभेत मुलांनीच वाचली. नाल्याकडचा तुकडा बंद ठेवायचं ठरलं. यंदा तिथल्या दोन चौकटींत पुन्हा मारवेल दिसलं. ती गाय काही परत आली नाही. पण तो मुलगा आता सहावीत असूनही मोजणीला हमखास येतो.

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष चराऊ कुरणं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. त्या निमित्ताने तरी एक चौकट बनवा. सोबत गावच्या गायकीला न्या. गवतांची नावं आपल्यापेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक असतात.