पबविषयीं मतभेद

इंग्रजांच्या ‘पब’ला मराठींत गुत्ता म्हणावें, तर आमचे मद्यनिषेधवादी मित्र प्रसन्न होतील; पण शब्द चुकीचा ठरेल. ‘पब्लिक हाऊस’चें तें लघुरूप असून, शेजारपाजारचीं माणसें तेथें जेवावयासही जातात. विलायतेंत शिकत असतां आमच्या बिऱ्हाडाजवळील अशा एका पबाविषयीं दोघांचें एकमत झालेलें आम्हीं ऐकिलें नाहीं. आमची घरमालकीण तेथील रविवारच्या रोस्टची वाखाणणी करी. शेजारचा वृद्ध विधुर यॉर्कशायर पुडिंगला सरळ चामडें म्हणे.

सेवेविषयीं तर विचारूंच नये. नवखा मनुष्य टेबलाशीं वाट पाहात बसतो. कोणी फिरकत नाहीं. काउंटरपाशीं स्वतः जाऊन मागावें, हा प्रघात त्यास कोणी सांगितलेलाच नसतो. तळघरांतील पिंपांतून काढलेली एल सुमारें १२ अंश सेल्सिअसवर देतात. बर्फगार बिअरला सोकावलेला तिला ‘कोमट’ म्हणून नाक मुरडतो. (आमच्या मतें चहाच बरा!)

जॉर्ज ऑर्वेल यानें १९४६ सालीं ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’ पत्रांत आपल्या आदर्श पबाचें वर्णन केलें: चिनी मातीचे पेले, मागें बाग, गिऱ्हाइकांचीं नांवें ठाऊक असलेल्या बायका. असा पब अस्तित्वांतच नाहीं, हेंही त्यानेंच सांगून टाकिलें.

आमचा विधुर शेजारी मात्र निंदा करीत करीत रोज तेथेंच जेवी. एके दिवशीं त्याची खुर्ची रिकामी दिसली, तेव्हां पबाची मालकीणच दुपारीं त्याच्या दाराशीं चौकशीस आली. हातांत झांकलेली ताटली होती.