हिमशिखराच्या पायथ्याशी : ज्येष्ठांसोबत स्वित्झर्लंडचा हिवाळा

स्वित्झर्लंडचे जे चित्र आपल्या मनात असते, ते बहुधा हिंदी चित्रपटांनी रंगवलेले असते. हिरवी कुरणे, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई, निळी सरोवरे आणि मागे पांढरी शिखरे. या चित्राचे ऋण मान्य करून इंटरलाकेन गावाने २०१६ मध्ये यश चोप्रा यांचा पुतळाही उभारला आहे. परंतु हे चित्र प्रामुख्याने उन्हाळ्याचे. जानेवारीत हाच प्रदेश वेगळा भासतो. कुरणे हिमाखाली गेलेली, रस्ते शांत, आणि दुपार संपते न संपते तोच दिवस मावळतो.

आपल्याकडील अनेक ज्येष्ठांना हा प्रवास मुलांच्या सुटीप्रमाणे करावा लागतो. आमचेही तसेच झाले. माझा मामेभाऊ नोकरीनिमित्त बासेलला राहतो. त्याला रजा मिळाली ती जानेवारीत. त्यामुळे अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी आई, त्र्याहत्तर वर्षांचे मामा आणि मी, असे तिघे हिवाळ्यात तेथे गेलो. आईला रक्तदाब आणि गुडघेदुखी. मामांची दीड वर्षापूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. निघण्यापूर्वी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी तपासून प्रवासास संमती दिली होती. मामेभावाने युंगफ्राउयोखची चार तिकिटे आधीच काढून ठेवली होती. मामांच्या दृष्टीने सारा प्रवास त्या एका दिवसासाठीच होता.

थबकलेले पाणी

बेर्न प्रांताच्या या डोंगराळ भागात दोन सरोवरे शेजारीशेजारी आहेत, थुन आणि ब्रिएन्झ. त्यांच्या मधोमध इंटरलाकेन वसले आहे. गावाच्या नावाचा अर्थच ‘सरोवरांच्या मध्ये’ असा आहे. सभोवती हिम असूनही ही सरोवरे गोठत नाहीत, याचे आईला मोठे नवल वाटले. कारण त्यांच्या खोलीत आहे. थुन सुमारे २१७ मीटर आणि ब्रिएन्झ सुमारे २६० मीटर खोल आहे. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. पृष्ठभागावरचे पाणी थंड झाले की खाली बुडते आणि खालचे वर येते. एवढा मोठा साठा चार अंशांपर्यंत उतरेपर्यंत पृष्ठभाग गोठू शकत नाही, आणि तोवर हिवाळा सरत आलेला असतो.

धबधब्यांची गोष्ट याच्या उलट. लाउटरब्रुनेनची दरी दोन्ही बाजूंनी उभ्या कड्यांनी वेढलेली आहे आणि तेथे बहात्तर धबधबे असल्याचे सांगितले जाते. त्यांतील श्टाउबबाख सुमारे २९७ मीटर उंचीवरून कोसळतो. ‘श्टाउब’ म्हणजे धूळ आणि ‘बाख’ म्हणजे ओढा. खाली पोहोचेपर्यंत त्याच्या पाण्याचे तुषार होतात, म्हणून हे नाव. जर्मन कवी गटे १७७९ मध्ये येथे आला होता आणि त्यावरून त्याला एक कविता सुचली. जानेवारीत मात्र हा धबधबा बारीक होतो आणि त्याच्या पायथ्याशी बर्फाचा ढीग साचतो. डोंगराच्या पोटातून कोसळणारे ट्रुमेलबाखचे धबधबे हिवाळ्यात पर्यटकांसाठी बंदच असतात. उत्तरेला शाफहाउसेनजवळचा ऱ्हाइन नदीचा रुंद धबधबा उन्हाळ्यात सेकंदाला सरासरी सुमारे ६०० घनमीटर पाणी वाहून नेतो. हिवाळ्यात ते सुमारे २५० घनमीटरवर येते. उरलेले पाणी उंचावर हिमाच्या रूपाने थांबलेले असते.

थंडीत माणसाचे शरीरही काहीसे असेच वागते. हातापायांच्या आणि त्वचेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्त आतल्या अवयवांकडे वळते. त्यामुळे ऊब टिकते, पण रक्तदाब वाढतो आणि हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. शरीरात पाणी जास्त झाले आहे असा मूत्रपिंडांचा समज होऊन लघवी वाढते. तहान मात्र लागत नाही. वृद्धांमध्ये तहानेची जाणीव मुळातच मंद असते. त्यांतून लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर दोन-तीन दिवसांत अशक्तपणा आणि चक्कर येऊ शकते. गरम केलेल्या खोल्यांमधील कोरडी हवा त्यात भर घालते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने कोमट पाणी किंवा सूप घ्यावे. ज्यांना हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले आहे, त्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी याविषयी बोलून घ्यावे.

धबधब्याच्या वाटेवर

लाउटरब्रुनेनच्या स्थानकापासून श्टाउबबाखपर्यंत सपाट वाट आहे, पंधरा-वीस मिनिटांची. आम्ही जेवून निघालो. समोरून बोचरा वारा येत होता. निम्म्या वाटेवर मामा एका कुंपणाला टेकून उभे राहिले. विचारले तर म्हणाले, “काही नाही रे डॉक्टर, जरा फोटो काढतो.” त्यांचा फोन खिशातच होता.

छातीवर दडपण होते आणि ते डाव्या जबड्यापर्यंत जात होते. त्यांना जवळच्या बाकावर बसवले आणि त्यांच्याकडची गोळी जिभेखाली दिली. तीन मिनिटांत त्रास थांबला. पाच मिनिटांत थांबला नसता, तर मी तेथील रुग्णवाहिकेसाठी १४४ हा क्रमांक लावला असता. भरपेट जेवण, समोरचा गार वारा आणि चालणे हे तिन्ही एकत्र आले की हृदयशूळ उद्भवणे ही वैद्यकाला परिचित गोष्ट आहे. तरी अँजिओप्लास्टीनंतर प्रथमच असे दुखल्यामुळे आम्ही तडक रुग्णालय गाठले. ईसीजी आणि रक्ताची तपासणी झाली. हृदयाला इजा झालेली नव्हती. तेथील डॉक्टरांनी औषधाचा डोस बदलला, काही तास निरीक्षणाखाली ठेवले आणि दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या : उंचावर जायचे नाही, आणि भारतात परतताच पुढील तपासणी करायची.

त्या संध्याकाळी घरात सर्वांत जड गोष्ट होती ती टेबलावर पडलेली चार तिकिटे.

पाऊण तासात दोन हजार चारशे मीटर

युंगफ्राउयोख हे ठिकाण ३,४५४ मीटर उंचीवर आहे. डोंगर पोखरून नेलेली रेल्वे तेथे १९१२ मध्ये पोहोचली. २०२० च्या डिसेंबरात नवा पाळणा सुरू झाल्यापासून सुमारे १,०३५ मीटरवरील ग्रिंडेलवाल्डहून अवघ्या पाऊण तासात वर जाता येते. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर आहे. हे त्याच्या दुपटीहून उंच. लेह शहराची उंची जवळपास एवढीच आहे. लेहला उतरलेल्या प्रवाशाला आपण एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यायला सांगतो. येथे मात्र पर्यटक वर पोहोचताच बर्फाच्या बोगद्यातून आणि पायऱ्यांवरून हिंडू लागतात.

मामेभाऊ म्हणाला, “दादा, विमानात दहा तास बसून आले, तेव्हा काही झाले नाही. वर तर दोनच तास थांबायचे आहे.” हा प्रश्न अनेक कुटुंबांत विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर येथे देतो. विमानातील हवेचा दाब सर्वसाधारणपणे १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरील हवेइतका राखलेला असतो, आणि प्रवासी बसलेला असतो. युंगफ्राउयोखला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. तेथे निरोगी माणसाच्या रक्तातील ऑक्सिजनही नव्वद टक्क्यांच्या खाली येऊ शकतो. भरीला थंडी आणि चालणे असते. निरोगी हृदय आपली गती वाढवून हे निभावते. ज्या हृदयाला सपाट वाटेवरच रक्त अपुरे पडले, त्याच्याकडे अशी शिल्लक नसते.

नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले, चालताना छातीत दुखणारे, हृदयाची शक्ती कमी होऊन पायांवर सूज असलेले, फुप्फुसांच्या विकारामुळे थोड्या श्रमानेही दम लागणारे किंवा तीव्र रक्तक्षय असलेले ज्येष्ठ यांनी अशा उंचीवर जाणे टाळावे. प्रकृती स्थिर असलेल्यांनी डॉक्टरांच्या संमतीने जावे, वर अगदी हळू चालावे, आणि डोकेदुखी, मळमळ, चक्कर वा दम यांपैकी काहीही जाणवल्यास मिळेल त्या पुढच्या गाडीने खाली यावे. उंचीच्या त्रासावर खाली उतरणे हाच खात्रीचा उपाय आहे.

मामा दोन दिवस फारसे बोलले नाहीत. त्यांचा राग माझ्यावर होता की स्वतःच्या शरीरावर, हे मी विचारले नाही. शेवटी आईच त्यांना म्हणाली, “अरे बाळ, पंढरीला गेल्यावर गर्दीत कळसाचं दर्शन घेऊन परतणारे आपणच ना? मग डोंगराचा कळस खालून बघायला कसली लाज?” मामा हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी घालून तयार बसले.

काठावरचे दिवस

उरलेले चार दिवस आम्ही खालीच काढले. थुनच्या सरोवरावर हिवाळ्यातही बोटी चालतात, फेऱ्या मात्र कमी असतात. स्पीझहून बसून आम्ही थुन गावापर्यंत गेलो. आतील दालन उबदार, खिडक्या मोठ्या. ज्येष्ठांना चालण्याचे श्रम न होता पर्वत पाहायचे असतील, तर याहून चांगले साधन नाही. आकाश निवळले आणि आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही तिन्ही शिखरे एका रांगेत दिसली. मामांनी बराच वेळ तिकडे पाहिले आणि मग स्वतःहून कॉफी मागवली.

त्या देशात हिवाळ्यातील पर्वतांकडे औषध म्हणूनही पाहिले गेले आहे. दाव्होस येथे अलेक्झांडर श्पेंगलर या डॉक्टरांमुळे १८६५ पासून क्षयरोगी हिवाळ्यातही येऊ लागले. कोरडी हवा, ऊन आणि सक्तीची विश्रांती हाच तेव्हा उपचार होता. ते रुग्ण पांघरूण घेऊन तासन्‌तास सज्जात पडून राहत. पुढे क्षयावर औषधे निघाली आणि ती आरोग्यधामे ओस पडली. परंतु डोंगरात जाऊन निवांत बसणे हाही एक कार्यक्रम असू शकतो, हे त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे.

परतल्यावर मामांची तपासणी झाली. दुसरी एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली आढळली. तिच्यावर उपचार झाले आणि आज ते रोज सकाळी फिरायला जातात.

नेणाऱ्यांसाठी काही सूचना

पडणे हा हिवाळ्यातील ज्येष्ठांचा पहिला शत्रू आहे. बुटांवर चढवायचे रबरी पट्ट्यांचे खिळे तेथील दुकानांत मिळतात. ते पहिल्याच दिवशी घ्यावेत. एक काठी हाती असावी आणि दोन्ही हात खिशात घालून चालू नये. एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर अधिक ऊब देतात. तोंड आणि नाक मफलरने झाकावे, म्हणजे आत जाणारी हवा थोडी तापते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो, हिमावरून परावर्तित होणाऱ्या उन्हासाठी काळा चष्मा हवाच. मद्याने ऊब येते हा भ्रम आहे. त्याने त्वचेतील रक्तवाहिन्या उघडतात आणि शरीरातील उष्णता बाहेर जाते.

औषधे पूर्ण मुदतीला पुरतील त्याहून आठ दिवसांची जास्त, आणि ती हातातल्या पिशवीत ठेवावीत. चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे लिहून घ्यावीत, कारण आपल्याकडील व्यापारी नावे तेथे ओळखीची नसतात. हिवाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते; इन्सुलिन आणि इतर औषधांच्या वेळा कशा बदलायच्या ते निघण्यापूर्वीच लिहून घ्यावे. इन्सुलिन सामानाच्या मोठ्या बॅगेत टाकू नये आणि बाहेर हिंडताना कोटाच्या आतल्या खिशात ठेवावे. एकदा गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. विम्यात आधीपासूनच्या आजारांचा समावेश आहे का, हे बारीक अक्षरांत वाचावे. रुग्णवाहिकेसाठी १४४ आणि डोंगरातील हेलिकॉप्टर बचावासाठी १४१४ हे क्रमांक कागदावर लिहून ज्येष्ठांच्याही खिशात असावेत.

आणखी एक गोष्ट कोणत्याही औषधाच्या यादीत बसत नाही. निघण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून ठरवावे की प्रवासात कोणत्याही क्षणी “आज पुरे” असे ज्येष्ठांनी म्हटले, तर कोणी तिकिटांचे पैसे मोजणार नाही. आई-वडील मुलांच्या आनंदासाठी दुखणे लपवतात. मुलांच्या खर्चाची त्यांना आपल्या छातीतील कळेपेक्षा अधिक चिंता असते. फोटो काढण्यासाठी थांबलेल्या माणसाचा फोन खिशातच आहे का, हे पाहण्याचे काम बरोबरच्या तरुणांचे आहे.