रॉवेचं तांबं

एडिसनहून न्यूयॉर्ककडे निघालेली गाडी मेटचन, मेट्रोपार्क करत रॉवेला थांबते. सकाळच्या त्या गाडीत हमखास मराठी कानावर पडतं. रॉवेला मात्र आपली मंडळी सहसा उतरत नाहीत, सगळ्यांना पुढे न्यूअर्क नाहीतर मॅनहॅटन गाठायचं असतं. मला त्या स्टेशनाचा पहिल्यापासून जिव्हाळा आहे, कारण त्या गावातल्या एका भाड्याच्या गिरणीत न्यू जर्सी राज्याची तांब्याची नाणी पाडली गेली. अमेरिकेचं संविधान तेव्हा लिहून व्हायचं होतं. केंद्राची टांकसाळ नव्हती. बाजारात इंग्लंडची अर्धपेनी चालायची आणि तिच्यात खोट्यांचा सुळसुळाट होता. १ जून १७८६ रोजी राज्याने वॉल्टर मोल्ड, थॉमस गोड्सबी आणि अल्बियन कॉक्स या तिघांना ३० लाख नाण्यांचा मक्ता दिला. दहावा हिस्सा राज्याचा. एका बाजूला घोड्याचं डोकं आणि त्याखाली नांगर, दुसऱ्या बाजूला ढाल आणि तिच्याभोवती ‘ई प्लुरिबस उनम’. हे ब्रीद अमेरिकेच्या चलनात पहिल्यांदा आलं ते या तांब्यावर. तिघांचं लवकरच फाटलं. मोल्ड मॉरिसटाउनला गेला, बाकीच्यांचा कारभार कर्जात अडकला आणि काही काम मॅथायस ऑग्डनकडे एलिझाबेथटाउनला गेलं. म्हणजे रॉवे, लिंडन झालं की येतं ते एलिझाबेथ. रोज ऑफिसला जाताना दोन जुन्या टांकसाळी ओलांडून जायचं भाग्य फार थोड्यांना लाभतं.

सत्तरच्या दशकात मी इथे आलो तेव्हा हे तांबं नोकरदाराच्या आवाक्यात होतं. रविवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये किंवा हमरस्त्यावरच्या एखाद्या मोटेलात नाण्यांचा बाजार भरे. लांब टेबलं, त्यांवर हिरवं कापड, वाकवता येणारे दिवे आणि व्यापाऱ्यांच्या पुढ्यात सिगारचे डबे. अशा डब्यात झिजलेल्या घोड्यांची नाणी सुटी पडलेली असत. व्यापारी डबा गिऱ्हाइकापुढे सरकवून शेजाऱ्याशी बेसबॉलच्या गप्पा मारत बसे. ओळख नसलेल्या, नुकत्याच परदेशातून आलेल्या पोरापुढे तो डबा ठेवला जाई आणि कुणी पाळत ठेवत नसे. त्या विश्वासाचं मला आजही अप्रूप वाटतं.

त्या बाजारातच मला गुरू भेटले. रेल्वेतून निवृत्त झालेले, कानात श्रवणयंत्र, खिशात कायम उंटाच्या केसांचा मऊ ब्रश. त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे नाणं पाहताना बोलायचं नाही. थुंकीचा बारीक तुषार तांब्यावर पडला तर तेव्हा काही दिसत नाही, पण पुढे तिथे काळा ठिपका उमटतो आणि तो कायमचा राहतो. नाणं कडेने धरायचं, खाली जाड रुमाल अंथरायचा. चिंचेने लखलखीत घासलेलं तांब्याचं घंगाळ पाहत वाढलेल्या मला सगळ्यात अवघड गेलं ते न घासणं. इथे तो गुळगुळीत चॉकलेटी रंगच सगळं काही असतो. दोनशे वर्षांनी चढवलेला तो थर एकदा गेला की परत येत नाही. हिरवा कळंक असेल तर झायलीन या द्रावकात बुडवून, लाकडी काडीने, धीराने सोडवायचा. त्यांना एक नाणं असं सोडवताना पाहिलं आहे मी. सबंध संध्याकाळ गेली आणि घोड्याच्या आयाळीचा एक केस मोकळा झाला.

ठसे हाताने कोरलेले असत, त्यामुळे प्रत्येक ठशाचा घोडा वेगळा. फिलाडेल्फियाच्या डॉ. एडवर्ड मॅरिस यांनी १८८१ मध्ये या नाण्यांचं पुस्तक काढलं. घोड्याच्या बाजूला आकडा आणि ढालीच्या बाजूला अक्षर ही त्यांची पद्धत आजही चालते. ५६-एन म्हणजे उंटाच्या तोंडाचा घोडा. तो बऱ्याचदा दुसऱ्याच नाण्यावर पाडलेला असतो आणि नीट पाहिलं तर खालच्या नाण्याची अक्षरं वर डोकावतात. ५४-के म्हणजे सापाच्या डोक्याचा. आमच्याकडे मॅरिसच्या पुस्तकातल्या चित्रांच्या पानाची अंधुक झेरॉक्स होती. एक झिजलेलं नाणं आणि ती झेरॉक्स घेऊन बसलं की नांगराच्या मुठीचा कल कुठे, घोड्याचा कान कोणत्या अक्षराखाली, असं ताडत ताडत रात्र व्हायची. अडलंच तर न्यूयॉर्कला १५५व्या रस्त्यावर ऑडुबॉन टेरेसमध्ये अमेरिकन न्युमिझमॅटिक सोसायटीचं ग्रंथालय होतं. तिथल्या लाकडी टेबलांवर मी कित्येक शनिवार काढले. ती संस्था पुढे शहराच्या दक्षिण टोकाकडे गेली.

न्यू जर्सीच्या तांब्यावरून मी हळूहळू फिलाडेल्फियाच्या मोठ्या सेंटांकडे वळलो. २ एप्रिल १७९२ च्या कायद्याने केंद्राची टांकसाळ आली, सातव्या रस्त्यावर तिच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि मार्च १७९३ मध्ये पहिले सेंट बाहेर पडले. ते ३६,१०३ होते. त्यांच्यावर राज्यांच्या एकीची खूण म्हणून साखळी कोरली होती. स्वातंत्र्याच्या पाठीशी साखळी हा अपशकुन आहे, अशी ओरड वर्तमानपत्रांत झाली आणि ती काढावी लागली. त्याच सप्टेंबरात पीतज्वराच्या साथीत जोसेफ राइट हा कोरक्या गेला आणि टांकसाळही काही काळ बंद पडली. त्या इमारतींची जागा पुढे फ्रँक स्टुअर्ट या व्यापाऱ्याने घेतली. त्या जपाव्यात म्हणून त्याने शहराला गळ घातली, पण शहराने लक्ष दिलं नाही आणि १९११ पर्यंत त्या पाडल्या गेल्या. राष्ट्राने स्वतः बांधलेल्या अगदी सुरुवातीच्या वास्तूंपैकी ती एक होती, हे मनात आलं की आजही वाईट वाटतं.

१७९३ ते १७९५ च्या सेंटांची कड पाहण्यासारखी असते. साखळीवाल्या सेंटाच्या कडेवर वेल आहे. नंतरच्या नाण्यांच्या कडेवर ‘शंभरांचा एक डॉलर’ अशा अर्थाची अक्षरं आणि पुढे एक पान. नाणं अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवायचं, अक्षरं एकामागून एक पुढे येतात. एकोणिसाव्या शतकातली इलेक्ट्रोटाइप नक्कलही तिथेच पकडली जायची, कारण दोन कवचं जिथे जोडली तिथे कडेवर सांधा राही.

१९८६ मध्ये हे सगळं बदलू लागलं. त्या वर्षी पीसीजीएस आणि पुढच्या वर्षी एनजीसी या कंपन्या नाण्याला दर्जाचा आकडा देऊन ते प्लास्टिकच्या डबीत सील करू लागल्या. तो आकडा डॉ. विल्यम शेल्डन यांच्या पट्टीवरचा. १९४९ च्या पुस्तकात त्यांनी १७९४ च्या सेंटासाठी ती पट्टी मांडली होती: अगदी झिजलेला एक डॉलरचा, तर अप्रतिम नाणं ७० पट. भाव केव्हाच त्या गणिताबाहेर गेले, ७० मात्र राहिले आणि आज सोन्याच्या नव्या कोऱ्या नाण्यालाही लागतात. डबीने ग्राहकाला भरवसा दिला हे खरं. परगावच्या माणसाला न बघता नाणं विकत घेता येऊ लागलं. पण सुरुवातीच्या डब्यांत कड पांढऱ्या पट्टीत बुडाली, आणि वेल, अक्षरं, ते पान सगळं झाकलं गेलं. लोक नाण्याऐवजी लेबलावरचा आकडा वाचू लागले. मला हे आवडलेलं नाही आणि चाळीस वर्षांत माझं मत बदललेलं नाही.

तरी जुना काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. ज्या शेल्डन यांच्या पुस्तकावर आमची पिढी शिकली, त्यांनीच न्युमिझमॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट काढून घेऊन तिथे हलके ठेवल्याचं त्यांच्या मृत्यूनंतर उघड झालं. ती नाणी परत मिळवायला संस्थेला कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. कुणाच्याही पुढ्यात ट्रे सरकवण्याच्या त्या रिवाजाचा असाही फायदा घेतला गेला.

आणि ज्ञान तर तेव्हा किती थोड्यांच्या हाती होतं! मॅरिसच्या मूळ पुस्तकाची प्रत लिलावात श्रीमंतच घेत. आज सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातलं न्यूमन पोर्टल उघडलं की शंभर-दीडशे वर्षांचे लिलावाचे कॅटलॉग फुकट समोर येतात. ते ज्यांच्या नावाने आहे ते एरिक न्यूमन २०१७ मध्ये १०६ व्या वर्षी गेले. आयुष्यभराचा संग्रह त्यांनी लिलावात काढला आणि पैसा अभ्यासासाठी ठेवला. ज्या घोड्यासाठी आम्ही रात्र जागवली, त्याचा फोटो फोनवर टाकून आज एखादं पोर जेवणाच्या सुट्टीत प्रकार सांगतं. याचा मला मनापासून आनंद होतो.

फोटोंचा सगळ्यात मोठा उपयोग मात्र खोट्या नाण्यांविरुद्ध होतो. आताचे खोटे सेंट चीनमध्ये ठसे करून पाडले जातात, कडेवर सांधा नाही, वजन बरोबर. ठसा एखाद्या खऱ्या नाण्यावरूनच घेतलेला असतो, म्हणून त्या नाण्याचा प्रत्येक ओरखडा, प्रत्येक खड्डा सगळ्या नकलांवर जसाच्या तसा येतो. एक नाणं पाहून हे कळणं अशक्य. देशभरातले फोटो शेजारी मांडले की तोच ओरखडा तीन ठिकाणी दिसतो आणि चोरी पकडली जाते. १९७३ च्या कायद्याप्रमाणे नकलेवर ‘कॉपी’ असा शिक्का हवा, पण खोटं विकणारा तो मारत नाही. हे काम रात्री-अपरात्री विनामोबदला करणारे संग्राहक आहेत आणि माझ्या लेखी ते आमच्या जुन्या गुरूंच्याच तोडीचे आहेत.

मुंबईहून आलेल्या मावशीने एकदा सरळच विचारलं, “अरे, शिवराई सोडून ही परक्यांची नाणी कसली जमवतोस?” मी तिच्यापुढे दोन नाणी ठेवली. एक मुंबई इलाख्याचा १७९१ चा तराजूचा पैसा, दुसरा १७९७ चा अमेरिकी सेंट. पैसा बर्मिंगहॅमजवळच्या मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत पाडलेला आणि १७९७ च्या सुमारास अमेरिकेच्या टांकसाळीला कोऱ्या चकत्या पुरवू लागला तोही बोल्टनच. मग तिला १८०४ च्या डॉलरची हकीकत सांगितली. ते डॉलर पाडले गेले १८३४ च्या सुमारास, मस्कतच्या सुलतानाला आणि सयामच्या राजाला नजराणा द्यायला. एडमंड रॉबर्ट्स हा अमेरिकेचा दूत ते घेऊन ‘पीकॉक’ या युद्धनौकेतून निघाला. वाटेत नौका मसिरा बेटाजवळ रुतली. मस्कतचा नजराणा पोचवून ती दुरुस्तीला आली ती मुंबईच्या गोदीत, १८३५ च्या अखेरीस. सयामच्या राजाचा नजराणा तेव्हा पुढच्या प्रवासाच्या वाटेवर होता. मावशी म्हणाली, “म्हणजे आपल्या बंदरात येऊन गेला म्हण की.” त्यानंतर तिने कधी शिवराईचा विषय काढला नाही. शिवराई माझ्याकडे आहेतच, पण त्यांच्याविषयी पुन्हा कधीतरी.

अमेरिकेत नाणी जमवण्याचा छंद फोफावला तोच मुळी हुरहुरीतून. फिलाडेल्फियाचे जोसेफ मिकली पियानो बनवायचे आणि व्हायोलिन दुरुस्त करायचे. आपल्या जन्मसालचा, १७९९ चा सेंट हवा म्हणून ते शोधू लागले, आणि नेमकं ते वर्ष दुर्मीळ निघालं. त्यांच्यासारखे त्या काळी मोजकेच. फेब्रुवारी १८५७ च्या कायद्याने मोठा सेंट बंद झाला, मे महिन्यात टांकसाळीच्या आवारात जुनं तांबं देऊन नवे छोटे सेंट घ्यायला झुंबड उडाली. लहानपणापासून हाताळलेलं नाणं नाहीसं होतंय हे पाहून हजारो लोक एकेका वर्षाचा सेंट बाजूला काढू लागले. दुसऱ्याच वर्षी न्यूयॉर्कला आणि फिलाडेल्फियाला नाणे-संस्था निघाल्या. आता १२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियातच चलनातला शेवटचा सेंट पाडला गेला. एक सेंट पाडायला साडेतीन सेंटांहून जास्त खर्च येत होता, त्यामुळे ते होणारच होतं. गेल्या काही महिन्यांत एडिसनमधल्या ओळखीच्या घरांतली मुलं बरण्या रिकाम्या करून वर्षवार सेंट लावू लागली आहेत. सेंट खोचून ठेवायच्या कोऱ्या निळ्या फोल्डरांची माझ्याकडे विचारणा होते.

तांब्यावाल्यांचा आमचा क्लब १९६७ पासून आहे. त्याच्या वार्षिक अधिवेशनात ‘हॅपनिंग’ नावाचा प्रकार असतो. आधी ठरवलेल्या प्रकारांचे सेंट सभासद घरून आणतात, दिव्याखाली एकेका प्रकाराची नाणी शेजारी शेजारी मांडली जातात आणि ज्याने त्याने ती पाहून क्रम लावायचा. मागे एका अधिवेशनात एका तरुण मुलीने १७९४ चा ‘व्हीनस मरिना’ आणला होता. हे नाव डॉ. मॅरिस यांनीच त्या ठशाला दिलेलं. तिने तो डबीत घेतला होता आणि घरी पक्कड लावून डबी फोडून मोकळा केला होता. अक्षरं जरा पुसट, पण रंग असा की डोळा हटू नये. तिने कडेने धरून तो माझ्या हातात दिला. मी रंगाला झुकतं माप दिलं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, नाही, ठसा ठळक हवा. तिने दोघांनाही खोडून काढलं. हॉलचे दिवे मालवायला माणूस आला, तरी आमचा वाद मिटला नव्हता.