कावळ्याचे घराणे

कावळा सर्वांच्या ओळखीचा पक्षी आहे. तो काळा आहे व काव काव करतो, म्हणून कोणाला आवडत नाही. मलाही आवडत नव्हता.

आमच्या शाळेजवळ निंबावर कावळ्याचे घरटे होते. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी गंमत म्हणून घरट्याला दगड मारला. पिल्लं ओरडू लागली. तेव्हापासून मी निंबाखालून निघालो की कावळे माझ्याच डोक्यावर टोच मारायचे. बाकीच्या पोरांना काहीच करत नव्हते. मी डोक्यावर दप्तर धरून यायचो. गुरुजींनी विचारले तेव्हा मी रडत रडत खरे सांगितले.

गुरुजी म्हणाले, "कावळा माणसाचं तोंड लक्षात ठेवतो. अमेरिकेत २००६ साली शास्त्रज्ञांनी मुखवटा घालून कावळे पकडले व सोडले. पुढे कितीतरी वर्षे तो मुखवटा दिसला की कावळे ओरडायचे."

मग त्यांनी फळ्यावर कावळ्याचे घराणे लिहिले. त्यात १२० पेक्षा जास्त जाती आहेत. पहिला गट कावळ्यांचा. राखाडी मानेचा तो गावकावळा. सगळा काळा, जाड चोचीचा तो डोमकावळा. दुसरा टकाचोर. त्याचे अंग तांबूस, डोके काळे, शेपटी लांब. तो आपल्याकडे झाडांवर दिसतो. मॅगपाय आणि जे हे रंगीत भाऊबंद हिमालयात राहतात. नटक्रॅकर बिया पुरून ठेवतो. चफ तर एव्हरेस्टवर ८,००० मीटरच्या वर गेलेला आहे. कोतवाल काळा असला तरी या घराण्यातला नाही. गंमत म्हणजे कावळा गाणाऱ्या पक्ष्यांत मोडतो आणि कोकिळा मोडत नाही! आम्ही सगळे हसलो.

नंतर पितृपंधरवडा आला. आजीने आजोबांसाठी कौलांवर खीर-पोळी ठेवली. काका काव काव करून थकले, पण कावळा येईचना. सगळे उपाशी. मला वाटले, माझ्या दगडामुळेच येत नाही. मी गप्प बसलो. तेवढ्यात टकाचोर आला आणि पोळी उचलून उडाला. काका म्हणाले, "हा कावळा नाही, हा चालत नाही."

मी म्हणालो, "काका, तो कावळ्याच्याच घराण्यातला आहे. गुरुजींनी फळ्यावर लिहिलं होतं."

आजी हसली. म्हणाली, "मग पोचलं रे बाबा! चला, पानं वाढा."

आता मी रोज शाळेच्या खिचडीतला एक घास निंबाखाली ठेवतो. कावळे घास खातात, पण मला पाहून अजून ओरडतात. मित्रांनो, पक्ष्यांना दगड मारू नका. ते विसरत नाहीत.

— इयत्ता ४ थी