भेगेवरचं इंजिनिअरिंग कॉलेज

"मामा, तू आत्ता जिथे उभा आहेस ना, तिथून अडीचशेएक मीटरवर जमीन फाटलेली आहे," भाची म्हणाली आणि मी चक्क एक पाय उचलला. ती खो खो हसत सुटली.

दोस्तांनो, हसायला काय जातं तिला! ती इथे शिकते, रोज याच जमिनीवरून वर्गात जाते. मी मात्र आदल्या दिवशीच अमेरिकेत उतरलो होतो. सकाळी सॅन फ्रान्सिस्कोहून 'बार्ट' नावाच्या लोकलमध्ये बसलो. ही गाडी खाडीच्या तळाशी टाकलेल्या बोगद्यातून पलीकडे जाते. (बोगद्यात मी डोळे मिटून घेतले होते. भाचीला सांगू नका.) बर्कलीच्या स्टेशनात उतरून चढाच्या रस्त्याने निघालो. वाटेत झाडांवरून खारी उतरत होत्या आणि ३०७ फूट उंच घड्याळाच्या मनोऱ्यातून टोले पडत होते. आम्ही येऊन ठेपलो होतो बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजाशी.

हे विद्यापीठ सरकारी, म्हणजे कॅलिफोर्निया राज्याच्या लोकांचं. स्थापना मार्च १८६८. कॅलिफोर्नियात सोनं सापडून वीसच वर्षं झाली होती, त्यामुळे शेती आणि यंत्रविद्येइतकीच खाणकामाची विद्याही इथे महत्त्वाची होती. पण त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला इथल्या हेवर्ड भ्रंशावर मोठा भूकंप झाला. भ्रंश म्हणजे जमिनीतली खोल भेग, जिच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासत सरकतात. पाच वर्षांनी विद्यापीठ बर्कलीला आलं ते नेमकं त्याच भेगेवर. जाणूनबुजून नव्हे हो! भेग कुठून कुठे जाते ते तेव्हा कुणाला नीट ठाऊकच नव्हतं.

आज ते ठाऊक आहे. भेगेच्या दोन बाजू वर्षाला सुमारे ५ मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही कमी, सरकतात. दाणा किरकोळ वाटतो, पण विद्यापीठाचं १९२३ सालचं फुटबॉलचं स्टेडियम बरोबर या भेगेवर बसलंय. भेग मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते. वर्षानुवर्षं सरकून सरकून स्टेडियमच्या भिंतीला तडे गेले. २०१२ साली दुरुस्ती संपली, तेव्हा भेगेवरचे भाग बाकीच्या बांधकामापासून सुटे केलेले होते. जमीन सरकली तर ते आपापले हलतील, शेजाऱ्याला ओढणार नाहीत.

भाचीने मला नेलं ते मात्र हर्स्ट मायनिंग बिल्डिंगमध्ये. फीबी हर्स्ट या बाईंनी खाणमालक पतीच्या आठवणीसाठी ही देखणी इमारत बांधवली. ती १९०७ मध्ये खुली झाली. आत शिरलं की वर घुमट, घुमटांत काचेचे झरोके आणि खाली पसरलेलं ऊन. बाजूलाच टेकडीत शिरणारा एक बोगदा आहे. खाणकाम शिकणाऱ्या मुलांनी १९१६ पासून तो सरावासाठी खणला! आपण प्रयोगशाळेत लिटमस कागद बुडवतो, ही मुलं डोंगर पोखरत होती.

"आता खाली बघ," भाची म्हणाली. खाली फरशी होती.

"फरशीच्याही खाली. ही सगळी इमारत १३४ ठोकळ्यांवर उभी आहे. रबराच्या."

मला पटेना. ती सांगू लागली. नुसतं रबर नाही. रबराचा एक थर, पोलादाचा पातळ पत्रा, पुन्हा रबर, पुन्हा पत्रा, असा ठोकळा. वरून भार दिला तर तो दबत नाही, पण आडवा ढकलला तर सहज झुकतो. भूकंपात जमीन आडवी हिसके देते, तेव्हा ठोकळे झुकतात आणि वरची इमारत सावकाश डुलते. तिला २८ इंचांपर्यंत सरकता यावं म्हणून भोवती मोकळी जागा सोडलेली आहे. जुन्या दगडी इमारतीखाली हे ठोकळे बसवायचं काम २००२ मध्ये पुरं झालं. वरची इमारत तशीच ठेवून खालून पाया बदलायचा, हे कसं जमवलं असेल याचा विचार करूनच मला घाम फुटला.

तुम्हाला घरी करून बघता येईल. एका वहीवर कॅरमच्या सोंगट्यांची चळत रचा आणि वही झटकन ओढा. चळत कोसळेल. आता वहीवर सात-आठ गोट्या ठेवा, त्यांवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर चळत. पुन्हा वही ओढा. काय होतं ते तुम्हीच बघा. (आईची वही घेऊ नका.)

ही युक्ती जगात अनेकांनी घडवली. त्यातले एक इथले प्राध्यापक जेम्स केली. विद्यापीठाच्या रिचमंड इथल्या केंद्रात १९७२ साली २० फूट बाय २० फुटांचं एक हलतं टेबल बसवलं. त्यावर इमारतीचा नमुना ठेवायचा आणि खऱ्या भूकंपाच्या नोंदींप्रमाणे टेबल हलवायचं. केलींनी त्यावर रबराचे ठोकळे वापरून चाचण्या केल्या. मदत कुणाची, तर मलेशियातल्या रबर उत्पादकांच्या संशोधन संस्थेची! १९८५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात अशा ठोकळ्यांवर न्यायालयाची एक इमारत उभी राहिली, अमेरिकेतली पहिली.

मग माझी कॉलर ताठ करणारी गोष्ट भाचीनेच काढली. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे आपल्या कोयनेला भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली आणि १०३ मीटर उंच कोयना धरणाला तडे गेले. ते धरणाच्या तळाशी नव्हते. धरणाची मागची बाजू जिथे एकदम उतार बदलते, त्या उंचीवर होते. असं का? बनारसला शिकून बर्कलीला आलेले आणि पुढे इथेच प्राध्यापक झालेले अनिल चोप्रा यांनी हे कोडं हातात घेतलं. मोठ्या वस्तूचे कल्पनेने बारीक तुकडे पाडून एकेकावरचा ताण संगणकाने काढायची पद्धत होती. तिला नाव दिलं होतं इथल्याच रे क्लफ यांनी, १९६० मध्ये. तिच्या आधारे चोप्रांनी सहकाऱ्याबरोबर दाखवून दिलं की भूकंपाचा सगळ्यात जास्त ताण उतार बदलतो तिथेच येतो. धरणाला नंतर मागून काँक्रीटचे भक्कम टेकू दिले गेले. कोयनेचा तो अभ्यास जगभरच्या धरण बांधणाऱ्यांनी वाचला.

एवढं सगळं ऐकल्यावर मी गप्प बसलो. भाचीला वाटलं, मामा दमला.

पण मला लातूर आठवत होतं. ३० सप्टेंबर १९९३. मी आठवीत होतो. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून उशिरा झोपलो होतो. पहाटे चारच्या आत खाट गदगदा हलली आणि आजीने मला दंडाला धरून अंगणात ओढलं. आमचं घर उभं राहिलं. चाळीसेक किलोमीटरवरच्या किल्लारीत आणि आसपासच्या गावांत मात्र सुमारे दहा हजार माणसं दगावली. तिथली घरं मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींची, वर मातीचं जड माळवद. तीच अंगावर आली. उन्हाळ्यात गार राहणारी, पिढ्यान्पिढ्या जपलेली घरं ती. पुढे कितीतरी दिवस आमच्या वर्गातली मुलं दाराजवळची जागा मिळावी म्हणून भांडत.

"मामा, किल्लारीबद्दल आम्हाला वर्गात सांगितलंय," भाची हळूच म्हणाली.

"मग हे सांगितलं का?" मी म्हटलं. "नवीन किल्लारी वसवली तेव्हा तिथे दोन बैठ्या विटांच्या इमारती रबराच्या ठोकळ्यांवर बांधल्या. भारतात हा प्रयोग पहिल्यांदा झाला तो तिथे. एक दुकानांची इमारत."

"आणि दुसरी?"

"शाळा."

ती उभीच राहिली. मग सांगत सुटली, की २००१ च्या भूकंपानंतर भुजचं चार मजली इस्पितळ असंच बांधल्याचं तिने वाचलंय, पण शाळेचं ठाऊक नव्हतं. तिच्या जुन्या इमारतीचं काम पुरं व्हायच्या आधी की नंतर, किती ठोकळे, कुठली माती, प्रश्नांवर प्रश्न! किल्लारीची जमीन कठीण आहे का, हे तिला आधी हवं होतं, कारण मऊ मातीवर ही युक्ती लागू पडत नाही म्हणे.

परत निघालो तेव्हा मनोऱ्यात टोले पडत होते. स्टेशनात शिरताना तिने मला बजावलं, "गावी गेलास की किल्लारीला जा आणि शाळेचे फोटो पाठव. पण फाटकासमोर उभं राहून काढू नकोस हं मामा. मला पायाचे हवेत."