दुधीच्या शेवया

साखरेचा आजार घरात शिरला की पहिली फाटाफूट स्वयंपाकघरात होते. एका चुलीवर दोन स्वयंपाक शिजू लागतात, एक सगळ्यांचा आणि एक आजारी माणसाचा. आमच्या घरी अम्मींच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या बाबतीत हेच झाले. डॉक्टरांनी साखर बंद केली. मैदा टाळा, भात कमी करा, असे सांगितले. आम्ही सर्वांनी ते मनावर घेतले. अम्मींचे ताट वेगळे वाढले जाऊ लागले.

त्या ताटाला अम्मी स्वतःच 'बीमारां का खाना' म्हणायच्या. पुढे पुढे त्या आमच्याबरोबर दस्तरखानावर बसेनाशा झाल्या. मगरिबच्या नमाजनंतर आपले ताट घेऊन आतल्या खोलीत जायच्या. मी हाक मारली तर म्हणायच्या, "मेरा हो गया बेटी, तुम खाओ." ज्या बाईने चाळीस वर्षे घरातल्या सर्वांना वाढून मग उरलेसुरले खाल्ले, ती आता सर्वांच्या आधी आणि एकटी जेवत होती. आजाराने त्यांची साखर वाढवली असेल, पण त्यांची जागा आम्हीच हलवली होती. शाळेतून येऊन रात्रीची भाकरी थापताना हे माझ्या मनाला फार टोचायचे.

माझी मुलगी सातवीत आहे. तिला रविवारी पास्ता लागतो. आता आमच्या तालुक्याच्या गावातही किराणा दुकानात पास्त्याची पाकिटे शेवयांच्या शेजारीच लटकत असतात. लसूण, टोमॅटो आणि खिम्याचा वास घरभर पसरला की अम्मी दारातून डोकावत. "क्या पकाया है?" एवढेच विचारत आणि परत जात. मागत नसत.

झुकिनी नावाच्या भाजीच्या लांब पट्ट्या कापून त्या पास्त्याऐवजी खातात, हे मी एका पुरवणीत वाचले होते. झुकिनी पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांत मिळते. आमच्या आठवडी बाजारात कुणाला विचारले तर तो माझ्याकडेच बघत राहील. पण ती भोपळ्याच्या कुळातली, आपल्या दुधीची नातेवाईक. आणि दुधी तर आमच्याकडे ढिगाने मिळतो. आमच्या दखनीत त्याला कद्दू म्हणतात. एका शिंप्याच्या घरच्या दावतीत पैगंबरसाहेबांनी कालवणातले दुधीचे तुकडे आवडीने वेचून खाल्ले, ही हदीस अम्मींना पाठ आहे. म्हणजे दुधीला आमच्या घरात नाव ठेवायची सोय नव्हती!

मी उर्दू शाळेत विज्ञान शिकवते. मराठीत ज्याला पिष्ट म्हणतात त्याला आमच्या उर्दू पुस्तकात 'निशास्ता' म्हणतात. सगळा खेळ या निशास्त्याचा. शिजलेल्या १०० ग्रॅम पास्त्यात साधारण ३० ग्रॅम कर्बोदके असतात, तर तेवढ्याच दुधीत जेमतेम ३ ते ४ ग्रॅम. बाकी बहुतेक पाणीच. हे पाणीच सगळी अडचण करते. दुधी कापून सरळ रश्श्यात टाकला तर पास्ता होत नाही, दुधीचे सूप होते.

यासाठी भाजी फिरवून लांब तार काढणारे एक यंत्र मिळते. पेन्सिलीला टोक काढायच्या शार्पनरसारखे ते काम करते. ते नसले तरी अडत नाही. साल काढायच्या पीलरने काम भागते. दुधी कोवळा हवा, नख सहज रुतेल असा. आधी एक कच्चा तुकडा जिभेला लावून बघावा. कडू लागला तर सगळा दुधी फेकून द्यावा. तो कडवटपणा विषारी असतो आणि शिजवूनही जात नाही. साल काढून वीतभर लांबीचे तुकडे करायचे आणि पीलरने उभ्या पट्ट्या ओढत जायचे. बियांचा मऊ गर लागला की थांबायचे, तो गर डाळीत घालता येतो. पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवून सुरीने बारीक चिरायच्या. मग चिमूटभर मीठ लावून चाळणीत पंधरा-वीस मिनिटे ठेवायच्या. खाली वाटीभर पाणी जमते. पट्ट्या स्वच्छ मलमलीत गुंडाळून हलक्या हाताने दाबायच्या. पिळायच्या नाहीत, तुटतात. मोठ्या आचेवर, पसरट तव्यात, थोड्या तेलावर दोन मिनिटे, झाकण न ठेवता परतायच्या. टोमॅटो आणि खिमा आधीच आटवून घट्ट करून ठेवलेला असावा, आणि दोघांची गाठ ताटातच घालावी. गाजराच्याही अशा शेवया होतात, पण त्यांना एक-दोन मिनिटे जास्त लागतात आणि त्यांची गोडी खिम्याशी भांडते. काकडी मला जमवून घ्यावीशी वाटली नाही.

पहिल्या रविवारी मी मुद्दाम एकच मोठे ताट भरले. त्यात अर्धा पास्ता, अर्धा दुधी नाही, तर सर्वांना दुधीच. अम्मींना हात धरून आणून बसवले. "ये क्या है?" त्यांनी विचारले. मुलगी म्हणाली, "दादी, इटली की शेवयां." अम्मींनी एक घास घेतला, हळूहळू चावला आणि म्हणाल्या, "कद्दू है. मेरेकू क्या फसाते?" पण उठल्या नाहीत. मुलीने नाक मुरडले. तिला पास्ता जसा दाताखाली लागतो तसा हा लागत नव्हता, आणि तिचे म्हणणे खरे होते. दुधी पास्ता नाहीच. चव सगळी खिम्याची आणि लसणाची, दुधी फक्त तिला वाहून नेतो. आणखी एक गोष्ट तासाभरात कळली: सगळ्यांना पुन्हा भूक लागली! पास्त्यात निशास्ता असतो तशी प्रथिनेही असतात, दुधीत ती नावालाच. म्हणून आता मी खिमा वाढवते, नाहीतर उकडलेले हरभरे किंवा अंडे घालते. मुलीच्या वाट्यात मूठभर खरा पास्ता मिसळते. वाढते वय आहे, तिने उपाशी का राहावे? अम्मींच्या डॉक्टरांनाही आधी विचारले होते. गोळ्या चालू असताना जेवणातला निशास्ता एकदम कमी केला तर साखर खाली घसरू शकते, असे त्यांनी बजावले. म्हणून अम्मींच्या ताटात अर्धी भाकरी असतेच.

'इटली की शेवयां' हा शब्द मुलीने गमतीत वापरला, पण तो तसा चुकीचा नाही. इटालियन भाषेत 'वर्मिचेल्ली' म्हणजे बारीक अळ्या. हे मी वर्गात सांगितले तेव्हा पोरी किंचाळल्या. त्याहून मजेची गोष्ट अल-इद्रीसीची. या मुस्लिम भूगोलज्ञाने सिसिलीच्या राजाच्या, दुसऱ्या रॉजरच्या दरबारी राहून इ.स. ११५४ मध्ये आपला ग्रंथ पूर्ण केला. सिसिलीतल्या त्राबिया गावी 'इत्रिया' नावाच्या पिठाच्या वाळवलेल्या शेवया भरपूर बनतात आणि जहाजांतून मुसलमानांच्या व ख्रिश्चनांच्या मुलखांत जातात, असे त्याने लिहून ठेवले आहे. मी हे अम्मींना सांगितले. त्यांना राजाचे काही वाटले नाही. "वाळवत कशावर होते?" एवढेच त्यांनी विचारले. अम्मींच्या तरुणपणी उन्हाळ्यात खपली गव्हाचा रवा मळून, गल्लीतल्या चार बायका यंत्राची मूठ फिरवत, आणि बाजेवर धुतलेली साडी अंथरून शेवया वाळत घालत. हात कुणाचा जड, कुणाचा हलका, हे शेवयांवरून ओळखू येई, असे त्या सांगतात. हे सांगताना त्या आजारी वाटत नाहीत.

गेल्या रमजानमध्ये मुलीला नवीन कल्पना सुचली. "दादी, ईदच्या शीरखुर्म्यातही दुधीच्याच शेवया घालू. मग तुम्हाला पोटभर खाता येईल." मला वाटले अम्मी हसतील. त्या गंभीर झाल्या. "पास्ता तुम्हारा है, उसमें कुछ भी डालो," त्या म्हणाल्या, "शीरखुर्मे में शेवयांच पडतीं." (दखनीतला हा 'च' आपला मराठीच!) मुलगी गप्प झाली. मीही काही बोलले नाही. दुधीने पास्त्याची जागा घेतली, कारण पास्त्याशी अम्मींचे काही नातेच नव्हते. शेवयांशी त्यांचे अख्खे आयुष्य बांधलेले आहे.

ईदच्या दिवशी डॉक्टरांना विचारून मी त्यांच्यासाठी सर्वांत लहान वाटी काढली. साखर न घातलेले दूध, मोजक्या शेवया, एक खारीक. आमच्या वाट्या मोठ्या, त्यांची लहान, पण दस्तरखान एकच. त्यांनी ती चमच्याने नाही, बोटांनी पुसून खाल्ली. मग पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात आल्या, टोपलीतला दुधी उचलून नखाने टोचून पाहिला आणि म्हणाल्या, "ये जून है. कल दूसरा ला."